मासाळ बाईंचा फ्रेंचचा तास

निरीक्षण वहीत मी चार ओळींचा शेरा लिहिला होता आणि त्यातली पहिलीच ओळ खोटी होती. "आज पूर्ण तासिकेचे निरीक्षण केले," असं मी लिहिलं. प्रत्यक्षात त्या वर्गात मी जेमतेम पंधरा मिनिटं बसलो होतो. उरलेल्या तीन ओळी मला तेव्हा खऱ्या वाटत होत्या. त्याही चुकीच्या होत्या हे कळायला चार वर्षं गेली, आणि कळल्यावर तोंडाने कबूल करायला आणखी दोन. त्या शेऱ्याने मासाळ बाईंचं काम गेलं आणि आमच्या कॉलेजातला फ्रेंच विषय बंद झाला.

हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे मी बाईंच्या गमती सांगणार आहे आणि त्या सांगताना मला अजून हसू येतं. हसत सांगणाऱ्या माणसावर लोक लगेच विश्वास ठेवतात. माझ्यावर जरा जपून ठेवावा.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय शिरूरच्या बाहेर, कारेगावकडच्या रस्त्यावर आहे. मी इतिहास शिकवतो आणि त्या शेऱ्याच्या वेळी नुकताच पर्यवेक्षक झालो होतो. आमच्याकडे फ्रेंच आलं ते काही भाषेच्या प्रेमाने नाही. पुण्यातली पोरं फ्रेंच घेतात आणि त्यात मार्क भरघोस पडतात, असं संस्थेच्या सचिवांच्या कानावर आलं. लगेच जाहिरात निघाली. अर्ज एकच आला. दौंड तालुक्यातल्या भांडगावहून, विमल मासाळ यांचा.

बाई ठेंगण्या, सावळ्या, चाळिशीच्या आतबाहेर. चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. मी एकदा म्हणालो, "बाई, जरा हळू." तर म्हणाल्या, "सर, आमचं घर मेंढरांमागे चाललेलं. मी तिसरीत जाईपर्यंत आमचा पत्ता दर आठवड्याला बदलायचा. पायांना अजून कुणी सांगितलं नाही की आपण आता भांडगावला राहतो म्हणून." वडिलांनी मेंढरं कमी करून शेती धरली ती या मुलीच्या शाळेसाठी. पुढे ती पुण्याला वसतिगृहात राहून शिकली.

फ्रेंचच का, हा प्रश्न त्यांना शिक्षकांच्या खोलीत दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायचंच. आपल्याला एखादी उदात्त गोष्ट ऐकायला मिळेल अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असे. बाई सांगत, "प्रवेशाच्या दिवशी इंग्रजीच्या खिडकीची रांग दाराबाहेर गेलेली. फ्रेंचच्या खिडकीत चिटपाखरू नव्हतं. मला चौफुल्याची गाडी गाठायची होती."

"आणि पॅरिस कधी बघणार?"

"अहो, माझं अजून भुसावळच्या पुढे जाणं झालेलं नाही. तिकडच्या लोकांनाच सांगितलंय, सवडीने येऊन जा."

रोज भांडगावहून चौफुला, तिथून न्हावरा, तिथून शिरूर, असं गाड्या बदलत त्या यायच्या. दोन वर्षांत न्हावरा मार्गावरचे कंडक्टर त्यांना "बोंजूर मॅडम" म्हणायला लागले. एक कंडक्टर तर सुट्टे पैसे नसले की फ्रेंचमध्ये माफी मागायचा. बाई कौतुकाने सांगायच्या, "माझ्या वर्गापेक्षा त्याचा उच्चार चांगला आहे. फक्त सुट्टे पैसे तो काही देत नाही."

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल. सचिवांना वर्गात तो प्रसिद्ध टॉवर हवा होता. चित्र, पुठ्ठ्याची प्रतिकृती, काहीही चालेल, पाहुण्यांना दाखवायला बरं. बाई म्हणाल्या, "साहेब, टॉवर बघून पोरं काय बोलतील? उंच आहे म्हणतील आणि गप्प बसतील. मला पोरांना बोलायला लावणारं काहीतरी पाहिजे." आणि त्यांनी भिंतीवर शिरूर बसस्थानकाचं वेळापत्रक लावलं. हाताने लिहिलेलं, फ्रेंचमध्ये, तळेगाव, न्हावरा, श्रीगोंदा, दौंड सगळं. एक पोरगा खिडकीमागे कंट्रोलर होऊन बसायचा, बाकीचे रांगेत उभे राहून गाडी किती वाजता ते विचारायचे. बाईंनी कंट्रोलरला नियम घातला होता की मान वर करायची नाही आणि उत्तर एकदाच द्यायचं. तुसडेपणा इतका अस्सल जमला होता की बाहेरून जाताना भाषा न कळताही मला मी स्टँडवर असल्यासारखं वाटायचं.

पुस्तक संस्थेने वेळेवर कधी दिलंच नाही, म्हणून बाई खोक्यांकडे वळल्या. रांजणगावच्या कंपन्यांत बाहेरदेशातून माल येतो आणि त्या खोक्यांवर चार-पाच भाषांत सूचना छापलेल्या असतात. आमच्या निम्म्या पोरांचे वडील तिथेच पॅकिंगला नाहीतर स्टोअरला. पालकसभेत बाई मार्कांबद्दल एक अक्षर बोलत नसत.

"तुमच्याकडं बाहेरची खोकी येतात ना?"

"येत्यात की मॅडम."

"रिकामी झाल्यावर?"

"भंगारात."

"वरचं लेबल सोडवून पोराबरोबर पाठवा. पोरगा हुशार आहे, त्याची काळजी करू नका. लेबल फाटणार नाही एवढी काळजी करा."

एका वडिलांना गेटवर अडवलं. खिशात काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोराचा अभ्यास हाय." सिक्युरिटीवाल्याने उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं. असं करता करता वर्गाची मागची भिंत लेबलांनी भरली. आमच्या पोरांना "माझं नाव अमुक" म्हणता येण्याआधी "ही बाजू वर", "ओल्यापासून जपा" आणि "नाजूक वस्तू", म्हणजे "फ्राजील", हे येत होतं. एकदा मैदानावर एका जाडजूड पोराचा पाय मुरगळला. चौघे त्याला उचलून आणत होते आणि पाचवा पुढे पळत ओरडत होता, "फ्राजील! फ्राजील!" बाई धावत बाहेर आल्या, पाय पाहिला, मोडलेला नाही म्हटल्यावर त्या ओरडणाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "शाब्बास. पण ही बाजू वर धरा, डोकं खाली लोंबतंय."

मात्र सगळ्यात गाजला तो त्यांचा गृहपाठ. रोज घरी पाच वाक्यं मोठ्याने बोलायची आणि ती जनावरासमोर. आमच्यापैकी कुणीतरी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "घरात बोललं की घरची माणसं हसतात. एकदा हसली की पोरगं आठ दिवस तोंड उघडत नाही. म्हैस हसत नाही." ज्यांच्याकडे जनावर नाही अशा कारेगावच्या चाळीतल्या मुलांना शेजारच्या कुत्र्याची परवानगी होती. पंधरा दिवसांनी एक पालक तणतणत आले.

"बाई, पोरगी म्हशीला काय बोलती काय की. म्हैस पान्हा चोराया लागली."

"कधी बोलते?"

"धारंच्या टायमाला."

"तिचं चुकलं. धार झाल्यावर बोलायला सांगते. म्हशीला जरा वेळ द्या, तिलाही भाषा नवीन आहे."

ते गृहस्थ रागाने आले होते, जाताना हसत गेले. आठ दिवसांनी निरोप आला की दूध पूर्ववत आहे.

हे सगळं आम्ही शिक्षकांच्या खोलीत चघळायचो. हसण्यात मी पुढे असायचो. एक गोष्ट मात्र मी पाहिली होती आणि तिच्याकडे कानाडोळा केला. बिहारहून आलेल्या कामगारांची सहा-सात मुलं आमच्याकडे होती. मराठीच्या तासाला ती मागे बसायची, इंग्रजीच्या तासाला खाली बघायची. फ्रेंचच्या तासाला ती पहिल्या बाकावर असत. त्यातल्या रंजीतला मी सहज विचारलं तर म्हणाला, "सर, यहाँ सब को कुछ नहीं आता." त्या एका वर्गात सगळेच नवे होते. हे एवढं तरी मी वहीत लिहायला हवं होतं.

बाई तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. पाचव्या वर्षी त्यांना कायम करायचा प्रस्ताव निघाला. त्याला पर्यवेक्षकाच्या पाठ निरीक्षणाचा शेरा जोडायचा होता. सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "सर, जरा कडक बघा. बाई गमतीजमती फार करतात म्हणे." मी नवा पर्यवेक्षक. कडक या शब्दाने माझी छाती उगाच फुगली.

मी वर्गात शिरलो तेव्हा अकरावी-बारावीची फ्रेंचची सगळी पोरं एकत्र बसवलेली होती, ऐंशीच्या वर. आणि फळ्यापाशी पटका बांधलेला, खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा उभा होता. बाईंचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत होते. मी शेवटच्या बाकावर बसलो आणि वही उघडून बाहेरचा माणूस वर्गात आल्याचं टिपून घेऊ लागलो.

आबा पोरांची मोजणी करत होते. बाकांच्या मधल्या बोळातून पोरं एकेक करून पुढे सरकत होती आणि आबा प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावत होते. वीस झाले की डाव्या मुठीतला एक खडा उजव्या मुठीत. मेंढरं अशीच मोजतात. वीस म्हणजे एक ईस.

"येक इसा… दोन इसा… आरं ढकलू नगा, मेंढरं बी तुमच्यापेक्षा नीट चालत्यात."

वर्गात हशा पिकला. कुणीतरी बें करून ओरडलं. बाईसुद्धा हसत होत्या.

"चार इसा आन् सात," आबांनी शेवटचं पोर पुढे घालून सांगितलं. "म्हंजी तुमचं सत्त्याऐंशी."

एवढ्यात शिपाई दारात आला. सचिवांची गाडी आली होती. मी वही मिटली आणि उठलो. ऑफिसात चहा पिता पिता सचिवांनी विचारलं, "काय दिसलं?" मी सांगितलं. ते हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्याच्या भरात शेरा लिहिला. पूर्ण तासिकेचे निरीक्षण केले. शिकवण्याचा पाठ्यक्रमाशी संबंध आढळला नाही. फ्रेंचच्या तासिकेस मराठीतून मेंढ्यांची मोजणी घेण्यात आली. अशिक्षित बाह्य व्यक्तीस वर्गात आणणे शिस्तीस धरून नाही.

शेऱ्याखाली शिक्षकाने "वाचले" म्हणून सही करायची असते. बाईंनी वही वाचली. शेवटच्या ओळीवर त्या थोड्या थांबल्या. मग विचारलं, "सर, तुम्ही कितव्या मिनिटाला उठलात?"

"मला काम होतं."

"हं. म्हणजे आकड्यांपर्यंत पोचलाच नाहीत." सही केली आणि त्यांच्या त्या चालीने निघून गेल्या. मला तो उद्धटपणा वाटला. कुठले आकडे, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण पर्यवेक्षकाने विचारायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला. जूनमध्ये फ्रेंचच्या जागी दुसरा विषय आला. रंजीत आणि त्याचे सोबती पुन्हा मागच्या बाकावर गेले. लेबलांची भिंत रंगवून घेतली, तो हुकूमही माझ्याच सहीचा.

चार वर्षांनी मी पोरांना क्षेत्रभेटीला रांजणगावच्या एका कंपनीत घेऊन गेलो. दोन बस भरून पोरं. गेटवर सोनाली भेटली, आमच्याच फ्रेंचच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी, आता तिथे स्टोअरला. तिच्याबरोबर फ्रान्सहून आलेले एक इंजिनिअर होते. आत सोडताना डोकी मोजायची होती. ते साहेब पोरांकडे बोट करत स्वतःशी पुटपुटत मोजत होते आणि शेवटी मोठ्याने म्हणाले, "कात्र-व्हँ-दूझ."

"ब्याण्णव," सोनालीने रजिस्टरात लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. "सर, कळलं का? चार, वीस, बारा. चार इसा आन् बारा. ह्यांची ऐंशीच्या पुढची मोजणी आपल्या आबांसारखीच आहे."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं.

"आम्हाला ते आकडे महिनाभर जमत नव्हते. मॅडम म्हणाल्या, पुस्तकातून जमत नाही तर माणसाकडून शिकू. तुम्ही उठून गेलात ना, त्याच्यानंतर मॅडमनी फळ्यावर लिहिलं. आबा मराठीतून म्हणायचे, आम्ही लगेच फ्रेंचमधून. नव्व्याण्णवपर्यंत गेलो. त्या तासाला एकही पोरगं चुकलं नाही, सर."

पुढे कंपनीत काय पाहिलं ते मला आठवत नाही. पोरांना मशिनं दाखवली असावीत.

त्यानंतर दोन वर्षं मी काय केलं? सचिवांकडे गेलो आणि शेरा चुकीचा होता असं लेखी देतो म्हणालो. ते म्हणाले, "सर, झाकलेलं कशाला उकरता? विषयच बंद झाला." मला ते उत्तर सोयीचं वाटलं, हेही कबूल करतो. दोनदा चौफुल्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत आलो. एकदा फोन लावला आणि पलीकडून "बोंजूर" ऐकताच कापला. शेवटी यंदा एका रविवारी बायकोने पिशवीत शेवंतीची फुलं आणि पेढे घालून दिले आणि म्हणाली, "आज चौफुल्याच्या पुढं जा."

भांडगावला महामार्गापासून आत, मळ्याकडेला पत्र्याची शेड आहे. तिथे बाईंचा रविवारचा वर्ग चालू होता. कंपनीतले सात-आठ कामगार, कॉलेजातल्या काही मुली, आणि मळ्यातून थेट आलेली एक बाई, हाताला माती तशीच. दोरीवर टोमॅटो, दोडका, भेंडी टांगलेले आणि त्यांच्यावरून फ्रेंचमधून सौदा चाललेला. मासाळ बाईंचे केस पांढरे झाले होते, बाकी त्या तशाच. एका कामगाराने भेंडीचा भाव भलताच पाडला तेव्हा त्या मराठीत म्हणाल्या, "अहो, फ्रेंच असलं म्हणून काय झालं, शेतकऱ्याला मारायचं नाही."

वर्गाला जोड्यांत बोलायला लावून त्या बाहेर आल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं, खोटी ओळ, सोनाली, चौफुल्याचा चहा. "बाई, माझ्यामुळे तुमचं काम गेलं. माझी चूक झाली."

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राग होता सर, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं शिरूरची गाडी दिसली की तोंड फिरवायचे. पण मी शिकवतेच आहे. आता एक सांगा, ते बाह्य व्यक्ती तुम्ही कुणाला म्हणालात?"

"आबांना."

"मग मला काय सांगताय?"

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. पोरं कमी झाली म्हणून विषय बंद केला, असं मी सांगितलंय. तुम्ही सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही." आणि त्या आत गेल्या. आतून पुन्हा भेंडीचा भाव ऐकू येऊ लागला.

आबा शेडच्या सावलीला खाटेवर बसले होते. खूप थकले होते. मी पाया पडलो, नाव सांगितलं, शिरूरचं कॉलेज सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, मागल्या बाकावर बसून लिवून घेत हुतं, त्येच न्हवं तुमी?"

"व्हय, आबा."

"मला आठवतंय. समदी पोरं हसत हुती, तुमी येकटं लिवून घेत हुता. म्या घरी येऊन म्हातारीला सांगितलं, म्हणलं, आपली मोजणी शिरूरच्या मास्तरानं वहीत उतरून घेतली. मरस्तवर सांगायची ती लोकान्ला."

त्यांचा चेहरा खुलला होता. गप्प बसायला याहून चांगली सोय मला कुणी करून दिली नसती. पेढे द्यायचे, नमस्कार करायचा आणि गाडी धरायची. मी खाटेच्या कडेला, जमिनीवर बसलो.

"आबा, मी तुमची मोजणी लिहून घेत नव्हतो. ह्या माणसाचं वर्गात काही काम नाही, असं लिहीत होतो. तुमचं मोजणं बरोबर होतं. मला ते कळलं नाही, आणि कळेपर्यंत मी तिथं बसलोही नाही. पोरं कमी झाली नव्हती, आबा. माझ्या त्या लिहिण्यानं तुमच्या लेकीचं काम गेलं. माझं चुकलं. मला माफ करा."